लाभ, दोन, तीन

जालन्यात, एमआयडीसीतल्या बियाणे कंपनीच्या वरच्या मजल्यावर
रात्री अकराला जॉब सुटतो.
सतरा डेपोंच्या फायली. अंबड, घनसावंगी, मंठा, सेलू,
जिंतूर, पार तिकडे औंढ्यापर्यंत.
कोणी किती पिशव्या नेल्या, कोणी किती परत आणल्या,
अकरा लाखांवर ओळी
एका टाकीतून उपसून दुसरीत ओतायच्या.
चाळीस मिनिटांचं काम. माझा डबा खाऊन होईपर्यंत व्हायचं.

तडेगावकर साहेब म्हणाले,
"किती झालं ते दिसायला पाहिजे ना. आकडा हलता पाहिजे."

मी आकडा हलता केला.
एक ओळ गेली की नोंद, दुसरी गेली की नोंद,
दर ओळीमागे डेटाबेसचं दार वाजवायचं,
कडी काढायची, एक वाढवायचा, कडी घालायची.
आकडा सुंदर हलला.
पहाटेचे साडेपाच वाजले तरी हलतच होता.
खाली ट्रक लागलेले,
गोडाऊनचा सचिंद्र फोनवर, "म्याडम, यादी?"
यादी कुठली.
यादी अजून मोजली जात होती.

परतूरच्या मोंढ्यात आबा मापाडी होते.
एका वर्षी आडत्यानं आपला भाचा आणून
ट्रकच्या फळीपाशी बसवला, वही देऊन, दोन रंगांची पेनं देऊन.
तो प्रत्येक हमालाला थांबवायचा. नाव. कट्टा. खूण. चल.
फळीवर रांग तटली.
पाठीवर क्विंटलभर तूर घेऊन रज्जाकमामू तसेच वाकलेले,
घाम नाकाच्या शेंड्याशी,
आणि भाचा पेनाचं टोपण शोधतोय.
आबा तिथं काही बोलले नाहीत.
बोलले ते घरी, भाकरी मोडता मोडता,
"ओझं पाठीवर असताना माणसाला इचारू नाही,
कितवा हाईस म्हणून."

त्यांची मोजणी ओठातल्या ओठात असायची. लाभ, दोन, तीन.
पहिल्याला एक म्हणायचं नाही.
दहा झाले की एक चिंचोका
उजव्या खिशातून डाव्या खिशात.
हमाल थांबायचा नाही, आबांची बिडी विझायची नाही.
ट्रक भरला की डावा खिसा पालथा.

मी जॉब परत उघडला.
चार धारा एकदम वाहतात, चौघींना चार खिसे दिले.
एकीनं दुसरीच्या खिशात हात घालायचा नाही.
मोजायचं आपापल्या मेमरीत, चालता चालता,
दहा हजार झाले की एकदाच दार वाजवायचं.
आता साहेबांचा आकडा उड्या मारत जातो.
"अडखळतोय की जरा," ते म्हणाले. म्हटलं, हो.
बेचाळीस मिनिटं.
वरची दोन मोजणीची मजुरी.

पण ताळा लागेना.
निघालेल्या ओळी अकरा लाख चाळीस हजार दोनशे सहा,
पोचलेल्या, सतरा कमी.

सतरा ओळी म्हणजे सतरा माणसं, असं धरून रात्र काढली.
मंठ्याची कोणी सत्वशीला असेल,
तिनं परत केलेली पिशवी कुणाच्याच खाती नाही.
औंढ्याचा कोणी असेल, आडनावात अक्षर तुटलेला.
रिजेक्ट झालेल्यांचा लॉग तीनदा चाळला. रिकामा.

साडेचारला मंठ्याची फाइल हातानं उघडली.
पहिली ओळ:
नाव, गाव, वाण, नग.
कोणाचं नाव नाही, कुठलं गाव नाही.
नुसतं शीर्षक.
सतरा डेपो, सतरा शीर्षकं,
आणि माझ्या खिशांनी प्रत्येकाचा एक चिंचोका सरकवलेला.

आबांचा लाभ असा नव्हता.
त्याला एक म्हणत नसत, पण तो गच्च भरलेला असे,
कुणाच्या तरी पाठीवरून आलेला.
माझं एक म्हणजे नुसती चिठ्ठी,
कट्ट्यावर टाचलेली, आत दाणा नाही.

पहिली ओळ सोडून मोज, असं लिहिलं.
आणि मोजणी शून्यापासून सुरू होते तिथं, शेजारी,
मशीन जी वाचत नाही त्या टिपेत लिहिलं,
लाभ.
साहेब तिथवर येत नाहीत.

खाली ट्रकचा फाळका धाडकन पडला.
सचिंद्रचा फोन वाजायच्या आत
यादी पाठवून दिली.